तुम्ही विचारलंत म्हणून: मोटरसायकलची काढता येणारी काच

पेट्रोल पंपावर किंवा टपरीसमोर गाडी उभी केली की कोणीतरी जवळ येतो, हँडलपुढं वारा अडवायला लावलेल्या काचेवर टिचकी मारतो आणि विचारतो, "काहो भाऊ, हे लावून फायदा होते काय? अन् लावाचीच तर मग काढाची कायले?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वेगावर आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 40 च्या वेगाला छातीवर जेवढा दाब येतो, त्याच्या चौपट 80 ला. त्यामुळे घरून वावरात आणि वावरातून तालुक्याला एवढीच फेरी असणाऱ्यानं यात पैसे घालू नयेत. पण दारव्ह्याहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर गाठायचं असेल तर गोष्ट वेगळी. काच नसली की वारा तुम्हाला मागं ढकलत राहतो आणि तुम्ही हँडलला लटकून त्याला तोंड देता. दंड भरून येतात, मान आखडते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे आपल्या वाट्याला जुनेच रस्ते. तिथं कुटार भरलेली ट्रॉली समोर असते, सोयाबीनच्या हंगामात मळणीची धूळ असते, तिन्हीसांजेला किडे असतात. हे सगळं हेल्मेटच्या आत शिरण्याआधी काचेवर थांबलेलं बरं. मात्र रोही (नीलगाय) आडवी आली तर काच काही कामाची नाही, तिथं ब्रेक आणि नशीब.

आता काढायची कशाला? आपल्याकडचे ऋतूच तसे आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा खाली असतो. वाऱ्यानं तो आणखी बोचतो, तेव्हा काचेसारखं सुख नाही. ऑक्टोबरचा उकाडा उलटा. अंगाला घाम, हवेत दमटपणा, आणि घाम वाळवायला वारा हवा. तो काचेनं अडवला की छातीपुढं इंजिनची धग कोंडते. पावसाची उघडीप पडली की तेच. मे महिन्याचं गणित जरा विचित्र आहे. हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा गारवा कमी देतो आणि अंगातलं पाणीच ओढतो, म्हणून काच लावून फायदा व्हावा असं वाटतं. थोडा होतोही. पण 44-45 अंशांत काच, दुपट्टा, पाण्याची बाटली यांचा हिशेब मांडण्यापेक्षा सकाळी दहाच्या आत मुक्कामी पोचणं मला शहाणपणाचं वाटतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतानाही मी ती काढून ठेवतो. वळणावळणांत वेग येत नाही, मग काच फक्त ओझं.

म्हणून माझ्या लेखी पहिली अट अशी की काच पान्याशिवाय निघाली पाहिजे. क्लँप गाडीवरच राहावेत आणि काच हातानं फिरवायच्या खटक्यांनी सुटावी. दर वेळी चार बोल्ट खोलावे लागत असतील तर ती काढता येणारी आहे असं डब्यावर कितीही छापलेलं असो, तुम्ही ती काढणार नाही.

दुसरी अट उंचीची, आणि इथं बहुतेक जण चुकतात. काचेतून रस्ता बघायचा नसतो, काचेच्या वरून बघायचा असतो. बूट, हेल्मेट घालून नेहमीसारखे बसा आणि घरच्या कोणाला तरी बाजूनं बघायला सांगा. वरची कड नाकाच्या टोकाच्या पातळीला हवी. कडेवरून निसटणारा वारा थोडा वर उसळतो आणि हेल्मेटच्या माथ्यावरून जातो. कड गळ्याशी आली तर तोच वारा नेमका हेल्मेटवर आदळतो, डोकं हलतं आणि कानात घूं घूं सुरू राहतं. काच नसलेली परवडली, अशी गत होते. उलट कड डोळ्यांच्या वर गेली तर पावसात अडचण, कारण हिला वायपर नाही. रात्री समोरच्या ट्रकचा झोत काचेवरच्या ओरखड्यांत पसरतो तेव्हा खड्डा दिसतच नाही. दोन मापांत अडलात तर उंच घ्या. पॉलिकार्बोनेटची (म्हणजे एका पारदर्शक प्लास्टिकची) काच जाणत्या माणसाकडून कापून घेता येते, आखूड काच वाढवता येत नाही. आणि मागं बसणाऱ्यालाही विचारा. तुम्हाला शांत वाटतं तेव्हा बायकोच्या तोंडावर भोवरा आदळत असू शकतो.

रुंदीचा मोह नको. अशा काचा बहुतेक हँडलला किंवा पुढच्या फोर्कला बसतात, त्यामुळे आडवा वारा थेट स्टिअरिंगमध्ये उतरतो. मोठा ट्रक ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर आलात की हँडलला झटका बसतो. शीट जितकं मोठं तितका झटका मोठा. हात झाकायचेत तर चांगले हातमोजे घ्या.

मालाचं थोडक्यात सांगतो. ॲक्रिलिक या दुसऱ्या प्लास्टिकवर ओरखडे कमी पडतात पण दगड लागला तर ते तडकतं. पॉलिकार्बोनेट चिवट असतं, ओरखडे मात्र लवकर धरतं. गिट्टीच्या रस्त्यांवर मी पॉलिकार्बोनेटच घेईन. पण त्याला पेट्रोलचा बोळा लावू नका. वॉशिंगवाला हमखास लावतो, आणि मग काचेत बारीक जाळी पडते. अमोनियावाला काच पुसायचा फवाराही तसाच घातक. किड्यांवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग साबणाच्या पाण्यानं पुसा. कोरडं फडकं फिरवलं की धुळीचाच रंधा होतो.

पैसे देण्याआधी काच तुमच्याच गाडीवर बसवून घ्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. क्लचची केबल ताणली जाते का, ब्रेकची नळी दबते का, काच टाकीला घासते का, हेडलाइटचा झोत अडतो का ते बघा. दुकानदार म्हणाला, "घरी नेऊन लावा, बसतेच," तर दुसरं दुकान गाठा.