फुलं कुणी निवडली?

सोमवार, रात्र

इंग्लिश चित्रकार वॉट्सचं ‘चूझिंग’ (म्हणजे ‘निवड’) परवापासून डोक्यातून जात नाही. जेमतेम दीड फूट उंचीचं चित्र. त्याची बायको, नटी एलन टेरी, मान वळवून, डोळे अर्धवट मिटून लालभडक कॅमेलियाचा वास घेतेय. त्या फुलाला वास जवळजवळ नसतोच. खरा सुगंध तिच्या मुठीत, छातीशी धरलेल्या इवल्याशा व्हायोलेटना. म्हणजे एका बाजूला जगाचा झगमगाट, दुसऱ्या बाजूला साधेपणा, आणि पोरीनं निवडायचं.

साल 1864. फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं तेव्हा तिची सतरा वर्षंही पुरी झालेली नव्हती, वॉट्स सेहेचाळीस वर्षांचा. वर्षभरात दोघं वेगळी झाली. चित्रात तिच्या अंगावर लग्नातलाच पोशाख आहे, तोही होल्मन हंट या दुसऱ्या चित्रकारानं बेतलेला. पोशाख एकानं ठरवला, फुलं दुसऱ्यानं, बरोबर उत्तरही आधीच मुठीत दिलेलं. आणि म्हणायचं, ती निवडतेय.

“तूच ठरव,” दादाही असंच म्हणाला. दोन्ही पर्याय त्याचेच. मला याखेरीज काही हवं असेल, हे आमच्या घरात कुणाच्या मनात कधी आलंच नाही. आईचंही तेच झालं. जाऊ दे.

वॉट्सचा नुसता राग करता आला असता तर सोपं होतं. पण वॉटर्लू पुलाच्या कमानीखाली वाहून आलेली, मुठीत लॉकेट धरलेली ती बाई यानंच रंगवली. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये, दुसऱ्यांसाठी जीव दिलेल्या साध्या माणसांच्या नावांची भिंत 1900 मध्ये यानंच उभी केली. आगीतून तीन मुलांना वाचवून स्वतः गेलेली ॲलिस एअर्स तिथे आहे. एवढी कणव असलेल्या माणसानं घरातल्या मुलीला विचारलं असेल का, तुला काय हवंय?

स्वतःच्या कामात मात्र त्याला घाई नव्हती. ‘फिजिकल एनर्जी’ या शिल्पातला तो प्रचंड घोडेस्वार रुळांवरून बागेत ढकलत न्यायचा, उजेडात बघायचा, पुन्हा बदलायचा. वीसेक वर्षं. 1904 मध्ये गेला, तरी त्याच्या लेखी तो पुतळा पुरा झालेला नव्हता. स्वतःला वीस वर्षं, तिला दोन फुलं. हे काही केल्या पचत नाही.

एलन रंगभूमीवर परतलीच. 1878 पासून लंडनच्या लायसियम नाट्यगृहात नट हेन्री आयर्व्हिंगबरोबर, शेक्सपिअरच्या ऑफेलिया, पोर्शिया, बिआट्रिस. पुढे आठवणी लिहिल्या, त्यात वॉट्सवर डूख धरलेला दिसत नाही. ते वाचल्यावर माझाही ताठा जरा उतरला. चित्र त्यानं प्रेमानंच काढलंय. त्या मानेचं वळण प्रेमाशिवाय जमणार नाही. दादाही मायेनंच विचारतोय.

तरी दोन्हींतलं काहीच नको, असं त्याला उद्या सांगणार आहे. रुसेल चार दिवस. वहिनी समजावेल त्याला.