तुम्ही विचारलंत म्हणून: नुसता पालाच येतोय, बटाटा का लागत नाही?

"अहो तुमच्या परड्यात बटाटे येतात म्हणे, आमच्यात नुसता पालाच येतोय, खाली बघावं तर काही नाही, असं का?" हा प्रश्न मला भिशीत विचारलाय, भाजीच्या गाडीजवळ विचारलाय, एकदा तर मयताला गेलेले तिथं बाहेर चपला शोधताना विचारलाय. दरवेळी मी उभ्याउभ्या दोन वाक्यं सांगते आणि घरी आल्यावर वाटतं की अर्धं सांगायचं राहिलंच. म्हणून आज बसून लिहिते.

आधीच सांगते, मी काही जाणकार नव्हे. बेळगावच्या वडगावात आमचं जुनं घर, मागं परडं आहे म्हणजे किती तर दहा बाय चौदा फूट, त्यात एक नारळ, एक कढीपत्ता, कपडे धुवायचा दगड आणि उरलेल्या जागेत माझा उद्योग. माहेर मात्र उचगावच्या बाजूचं, तिकडं मिरगाच्या पावसावर बटाटा नाहीतर रताळी, त्यामुळं लोकांना वाटतंय हिला हे जन्मतःच येत असणार. पण लावण वडील आणि भाऊ करायचे, आम्ही पोरी काढणीच्या वेळी जाऊन नुसत्या बुट्ट्या भरायचो. बुट्टी भरणं म्हणजे शेती येणं नव्हे, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

कळलं ते असं. २०२० च्या मार्चअखेरीला सगळं बंद, घरात बसून बसून डोकं फिरलेलं, आणि टोपलीतल्या सात-आठ बटाट्यांना लांब पांढरे कोंब फुटलेले. टाकून द्यायला जीव होईना, लावले. आणि मग दुसरं काही काम नसल्यामुळं त्यांचे जे लाड केले म्हणता! गवळ्याकडून ताजं शेण आणून घातलं, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, वर पुन्हा शेजारच्या काकांनी कुंड्यांसाठी आणून ठेवलेला युरिया मूठभर. पाला असा आला की बघत राहावं, गुडघ्याच्या वर, काळाभोर हिरवा. येणारा जाणारा भिंतीवरून डोकावून "काय छान आलंय हो" म्हणायचा, मी फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवले. जूनला पहिला पाऊस पडल्यावर उपटलं तर खाली बोराएवढे चार आणि लिंबाएवढा एक. बाकी मुळ्याच मुळ्या.

सासूबाई दारात बसून बघत होत्या, म्हणाल्या, "मग पाल्याचीच भाजी कर की, एवढा आलाय तर." मला पण क्षणभर पटलं. इथं जरा थांबून सांगते कारण हे पण बऱ्याच जणी विचारतात: बटाट्याचा पाला खायचा नाही. त्यात सोलॅनिन नावाचं विष असतंय, उकडून शिजवून ते जात नाही. झाडाला कधी कधी फुलांनंतर छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं धरतात ती पण नाही, घरात लहान मूल असेल तर ती तोडूनच टाका. आणि उन्हाला राहून हिरवा पडलेला बटाटा, तो पण नाही. मेथी, चाकवत, राजगिरा एवढं सगळं असताना बटाट्याच्या पाल्यावर कशाला जायचं.

तर मी भावाला फोन केला, रडगाणं गायलं. तो सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "तू पालाच पिकवुलालीस गे, बटाटा न्हवं." आणि मग हसत बसला. राग आला पण त्यानं जे सांगितलं तेच ह्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, मी फक्त माझ्या भाषेत सांगते.

आपल्याकडं रताळी सगळ्यांना माहीत आहेत म्हणून त्याच्यावरून सांगते. रताळं म्हणजे मूळ, वेलाचं मूळच फुगतं. बटाटा मूळ नव्हे, बटाटा म्हणजे खोड. जमिनीखाली जे खोड असतं त्याला बाजूला पांढरे दोऱ्यासारखे फाटे फुटतात आणि त्या फाट्यांची टोकं फुगून बटाटा होतो. बटाट्यावर जे डोळे असतात ना, ते खोडावरचे कोंबच, म्हणून तर तिथून फुटतो. (गंमत म्हणजे 'बटाटा' हे नाव मुळात रताळ्याचं. दक्षिण अमेरिकेच्या बाजूला, कॅरिबियन बेटांवर रताळ्याला बटाटा म्हणायचे, स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांनी ते उचललं आणि दोन्ही कंदांच्या गोंधळात चिकटलं ते ह्याला. पोर्तुगीज खाली गोव्यात होतेच, त्यामुळं उत्तरेत आलू झालं तरी आपण बटाटाच म्हणतो, आमच्या शेजारच्या कानडी अक्का पण बटाटीच म्हणतात.)

आता हा फाटा फुगायचा की नाही, हे झाड ठरवतं. खायला-प्यायला भरपूर आहे, ऊब आहे, तर झाडाला वाटतंय अजून वाढू की, घाई काय आहे. नत्र जास्त झालं, म्हणजे ताजं शेण म्हणा युरिया म्हणा, की ते पाल्यातच रमतं, बटाटा धरायचं पुढं पुढं ढकलतं. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या की मग ते खाली साठवायच्या मागं लागतं. माती १५ ते २० अंशांच्या आसपास असली तर बटाटा झकास धरतो, ३० च्या घरात गेली की जवळजवळ बंदच. दिवसभर पाल्यानं जे कमावलं ते गरम रात्री झाड स्वतःच खर्च करून टाकतं, खाली पाठवायला उरतंय काय? म्हणजे मी एप्रिल-मेच्या उकाड्यात, ताज्या शेणावर, कढीपत्त्याच्या अर्ध्या सावलीत लावून बटाट्याची वाट बघत होते. त्या लिंबाएवढ्या एकाचं उलट कौतुक करायला पाहिजे होतं.

म्हणून पाला येतोय आणि बटाटा नाही असं कोण म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते, लावलासा कधी? निम्म्या वेळा उत्तर तिथंच मिळतंय, फेब्रुवारी नाहीतर मार्च.

मग माहेरी पावसाळ्यात कसा येतो, असं पण विचारतात. बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर आहे, त्यात जून ते सप्टेंबर ढग आणि झिमझिम, दिवस पण गार असतात, म्हणून पश्चिम भागात आणि पलीकडं चंदगडच्या बाजूला खरिपाचा बटाटा निघतो. पण तिथं उतार आहे, तांबडी माती आहे, पाणी निघून जातं. आमच्या वडगावची माती काळी, चिकट, बासमतीची. २०२१ ला मी हौसेनं मिरगालाच लावला, ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन दिसलं नाही आणि पानांवर काळपट ओले डाग, खालून पांढरी बुरशी, चार दिवसांत सगळं उकडल्यासारखं लोळलं. करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये ज्या रोगानं बटाटा गेला आणि लाखो माणसं उपाशी मेली तोच हा, माझ्या दहा बाय चौदाच्या परड्यात. फवारणी करायला मी काही तयार नव्हते, घरातल्यासाठी लावायचं आणि त्यावर आठवड्याला औषध मारायचं तर मग मार्केट यार्डातला विकतचा काय वाईट होता. तेव्हापासून पावसाळ्यात नाही. दसरा ते दिवाळी ह्या मधल्या दिवसात लावायचा, जानेवारीअखेर काढायचा, डिसेंबर-जानेवारीची थंडी बरोबर बटाटा भरायच्या वेळेला मिळते.

त्यानंतरची चूक ही बियाण्याची, आणि ही आपल्या भागातल्या लोकांचीच होते. दसऱ्याला बाजारात आपला नवा गावठी बटाटा आलेला असतो, पातळ सालीचा, नखानं निघणारा. मला वाटलं ताजा आहे, हाच लावावा. लावला, वीस दिवस झाले काही नाही, महिना झाला काही नाही, उकरून बघितलं तर तसाच्या तसा, थोडे कुजलेले. भावाला पुन्हा फोन, पुन्हा हसणं. नवा निघालेला बटाटा झोपलेला असतो, दीड-दोन महिने तो फुटतच नाही. दसऱ्याला लावायचा तर जुना पाहिजे, म्हणजे मार्चच्या आसपास निघून कोल्ड स्टोरेजला राहिलेला. त्यातही खायच्या बटाट्याला काही ठिकाणी कोंब येऊ नये म्हणून औषध मारतात, तो हट्टी असतो. मी आता भावाकडूनच पावसाळी लावणीला आणलेल्या जालंधरच्या बियाण्यातले किलोभर मागून घेते आणि घरात उजेडाला पण सावलीत, एका थरात पसरून ठेवते, दसऱ्यापर्यंत ते सुरकुततात पण चालतंय. अंधारात ठेवला की कोंब लांब पांढरे ढिले येतात, हात लागला की मोडतात. उजेडात आखूड, जाड, हिरवट-जांभळे येतात, तेच पाहिजेत.

जात म्हणाल तर कुफरी ज्योती. सिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्रानं १९६८ ला काढलेली, कुफरी हे तिथल्याच गावाचं नाव. आली तेव्हा करप्याला दाद द्यायची नाही म्हणे, आता देते. कोंबडीच्या अंड्याएवढा असेल तर अख्खा लावायचा, मोठा असेल तर दोन दोन डोळे येतील असा कापून, कापल्या बाजूला राख लावून दोन दिवस सुकवून. कापला की लगेच मातीत घालू नका, कुजतोय.

लावण सोपी आहे. चार बोटं खोल, वीतभर अंतर, दोन ओळींच्यात दोन फूट. शेणखत घालायचं ते जुनं, काळं, वास न येणारं, आणि लावायच्या आधी मातीत मिसळून. ताज्या शेणात हुमणी, म्हणजे मुळ्या खाणारी अळी, येते ती वेगळीच भानगड.

खरं काम पुढं आहे आणि तेच लोक करत नाहीत: भर घालणं. झाड वीतभर झालं की, म्हणजे महिन्याभरानं, दोन्ही बाजूची माती ओढून खोडाला चढवायची, शेंड्याची पानं वर राहतील एवढी. पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी एकदा. बटाटे मूळ बियाण्याच्या वरच्या खोडाला धरतात, खाली नाही, हे एकदा डोक्यात बसलं की भर का घालायची हे सांगावं लागत नाही. माती नाही चढवली तर फाटा उजेडात येतो आणि बटाटा व्हायच्या ऐवजी त्याला पानं फुटतात, म्हणजे पुन्हा पालाच! जे बटाटे वर येतात ते हिरवे पडतात, पाकोळीची अळी शिरते. परडं नसेल तर सिमेंटची रिकामी पोती धुवून, खाली भोकं पाडून, तोंड निम्म्यापर्यंत दुमडून त्यात लावायचं आणि झाड वाढेल तसं पोतं उलगडत माती घालत जायचं. नणंदेनं गच्चीवर असं केलंय, तिला माझ्यापेक्षा बरे निघाले, ते मी तिला सांगितलेलं नाही.

पाणी बेतानं. माती ओली पाहिजे, चिखल नको. आणि शेवटचे आठ-दहा दिवस पाणी बंद. पाला पिवळा पडून आडवा होऊ लागला की माझ्या सासूबाई अजून म्हणतात "पाणी घाल गे, मराय लागलंय", पण ते मरतंय म्हणजेच पिकतंय, तेव्हा हात आवरायचा. लावल्यापासून ९० ते १०० दिवस. मधेच उकरून बघायची सवय असेल तर ती सोडा, मला सुटायला दोन वर्षं लागली.

घुशीवर माझ्याकडं उपाय नाही. गटार जवळ आहे, मागच्या वर्षी कडेची चार झाडं तिनं खालून साफ केली, वरून पाला तसाच उभा, मला आठ दिवस पत्ता नाही. मांजर पाळा म्हणतात, मांजर आहे, ते कट्ट्यावर झोपून बघत असतंय.

यंदा अठरा झाडं होती. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी काढली, नातवानं हातानं माती उकरली, खुरपं लावू दिलं नाही मी, बटाट्याला चीर पडते म्हणून. एकेक निघाला की तो ओरडायचा आणि अक्का भिंतीपलीकडून "एष्टु बंतु?" विचारायच्या, किती आले, आणि मी दरवेळी "अजून आहेत" म्हणायचे. काट्यावर घातले तर सहा किलोला थोडे कमी. हाताच्या मुठीएवढे दहा-बारा, बाकी अंड्याएवढे, आणि खाली वाटीभर गोट्या ज्या मी सालीसकट मोहरी-कढीपत्ता-सुक्या मिरचीवर परतल्या आणि भाकरीबरोबर ताटात वाढल्या. सासूबाईंनी एक तोंडात घातला, चावला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "चांगले झालेत. पण हे जपून ठेव आता, आणि उद्या यार्डातनं पाच किलो आणायला सांग, बुधवारी पाहुणे येवलालेत."