फटीच्या बाजूने

फरशी निवडायला गेलेला माणूस ती नेहमी उभी पाहतो. दुकानात लाद्या चौकटीत अडकवून भिंतीसारख्या उभ्या केलेल्या असतात, वरून दिव्यांचा झोत असतो आणि आपण चार पावले मागे सरून, मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहतो. जी वस्तू पुढची कित्येक वर्षे पायाखाली आडवी पडून राहणार आहे, जिच्याकडे आपण वरून आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कामात असताना पाहणार आहोत, तिची निवड अशी समोरासमोर उभे राहून करण्यात थोडा विनोद आहेच. पण त्याहून मोठी गंमत अशी, की या साऱ्या मांडणीत फरशीचा एक भाग फारसा कुठे दिसत नाही आणि घरात मात्र तोच सर्वांत आधी डोळ्यांत खुपतो. तो म्हणजे दोन लाद्यांमधली फट.

फटीला कोणी वाली नाही. लादीचा रंग, चकाकी, तिच्यावरच्या संगमरवरी शिरा यांवर घरात दिवसेंदिवस चर्चा होते. फटीबद्दल एकच मागणी असते, ती म्हणजे ती दिसता कामा नये. विक्रेताही ‘सांधा कळणारसुद्धा नाही’ असे आश्वासन देतो आणि त्या आश्वासनावर दाराएवढ्या लाद्या विकल्या जातात. हे आश्वासन अगदीच निराधार नसते. पोर्सेलिनची लादी भट्टीत भाजताना सात-आठ टक्के आक्रसते आणि प्रत्येक लादी अगदी तंतोतंत सारखी आक्रसत नाही, म्हणून पूर्वी हा फरक पोटात घ्यायला रुंद सांधे ठेवावे लागत. आता भाजल्यानंतर लादीच्या कडा यंत्रावर घासून काटकोनात आणतात, त्यांना ‘रेक्टिफाइड’ म्हणतात, आणि अशा लाद्या २ मिलिमीटरच्या सांध्यावर सुबक बसतात. पण दोनवरून शून्यावर जाण्याचा हट्ट धरला, की प्रकरण सौंदर्याचे राहत नाही, पदार्थविज्ञानाचे होते.

कारण जमीन स्थिर असते हा आपला समज आहे, जमिनीचा नव्हे. काँक्रीट सुकताना वर्षानुवर्षे किंचित आक्रसत राहते. त्यावर चिकटलेली भाजक्या मातीची लादी हवेतला ओलावा घेऊन, तितक्याच सावकाश, किंचित फुगते. म्हणजे खालचे आत ओढणार आणि वरचे बाहेर ढकलणार. त्यात उन्हाची भर पडते. १० मीटर लांबीची लाद्यांची सलग रांग २० अंशांनी तापली, तर ती साधारण सव्वा मिलिमीटर वाढते. सव्वा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण लाद्या एकमेकींना आणि दोन्ही टोकांना भिंतींना टेकवून बसवल्या असतील, तर तेवढ्याला जायला जागाच नसते. मग कधीतरी भर दुपारी मोठा आवाज होतो आणि खोलीच्या मधोमध दोन लाद्या कपाळाला कपाळ लावून तंबूसारख्या वर उचललेल्या दिसतात. घरातली माणसे आधी धावत खिडकीकडे जातात, कारण असा आवाज जमिनीतून येईल ही कल्पनाच कोणाला नसते. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: भिंतीच्या कडेने स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी मोकळी फट ठेवायची, आणि मोठ्या दालनात दर सहा-सात मीटरवर एक सांधा सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरायचा. जिथे थेट ऊन पडते तिथे हे अंतर आणखी कमी करायचे.

लाकडाच्या बाबतीत तर फट टाळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण लाकूड झाडापासून तुटले तरी हवेशी त्याचे देणेघेणे सुटत नाही. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. १० सेंटीमीटर रुंदीच्या ओकच्या फळीतला ओलावा चार टक्क्यांनी कमी-जास्त झाला, तर तिच्या रुंदीत सुमारे दीड मिलिमीटरचा फरक पडतो. चार मीटर रुंद खोलीत अशा चाळीस फळ्या बसतात, त्यांचा कागदावरचा हिशेब सहा सेंटीमीटरपर्यंत जातो. खिळे आणि आजूबाजूच्या फळ्यांचा दाब प्रत्यक्षात एवढे होऊ देत नाहीत. तरी कोरड्या ऋतूत फळ्यांमध्ये रेघा उघडतात आणि दमट हवेत मिटतात. ही उघडझाप पाहून घाबरणारे आणि कोरड्या दिवसांत त्या रेघांत घाईने लांबी (पुट्टी) भरून टाकणारे लोक असतात. ती लांबी पुढच्या दमट महिन्यांत फळ्यांना मिटू देत नाही आणि मग फळ्यांच्या कडा वर येतात. लाकडी फळ्या बसवण्याआधी काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात असे जाणकार सांगतात, ते यासाठीच. नव्या जागेची हवा त्यांच्या अंगी लागली, की पुढची हालचाल आटोक्यात राहते.

बिनसांध्याच्या जमिनीचे स्वप्न माणसाने अर्थात सोडलेले नाही. १८६३ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी लिनोलियमचे पेटंट घेतले. जवसाचे तेल आणि बुचाचा भुसा यांपासून केलेले हे अंथरण गुंडाळीत मिळे आणि एका दमात खोलीभर पसरे. तरी दोन पट्ट्यांमध्ये सांधा उरलाच. आज तो खाच पाडून, तापवलेल्या तारेने वितळवून जोडतात. टेराझोची, म्हणजे सिमेंटमध्ये दगडाच्या चिपा मिसळून केलेली, जमीन जागेवरच ओतून घासतात, म्हणजे तिला सांध्यांची गरज नसावी. पण तिच्यातही पितळेच्या किंवा जस्ताच्या पट्ट्या मुद्दाम घालतात, कारण तडा जायचाच असेल तर तो आपण आखलेल्या रेषेवर जावा. मला या पट्ट्या फार शहाण्या वाटतात. १९७७ साली स्वीडनमध्ये निघालेल्या लॅमिनेटच्या फळ्या आता एकमेकींत खटकन अडकतात आणि सांधा खरोखरच केसाएवढा दिसतो. मात्र पाणी नेमके त्या केसातून आत जाते, दाबलेल्या भुशाचा गाभा फुगतो आणि एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही. अशा जमिनीवर बादलीभर पाणी किंवा वाफेचे यंत्र नको, घट्ट पिळलेले फडकेच हवे.

न्हाणीघरात मात्र फट ही निव्वळ तडजोड नसून सोय आहे, आणि तिथेही मोठ्या लाद्यांचा आग्रह धरणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. तिथल्या जमिनीला जाळीकडे मीटरमागे दीड-दोन सेंटीमीटरचा ढाळ लागतो, तोही चारही बाजूंनी. छोट्या लाद्या असल्या, की त्या प्रत्येक सांध्यावर थोड्या थोड्या कलत जातात आणि ढाळ आपोआप साधतो. मोठी लादी वाकत नाही, म्हणून ती कर्णरेषेत कापावी लागते किंवा कोपऱ्यात पाण्याचे डबके स्वीकारावे लागते. शिवाय ओल्या तळपायाला सांध्यांच्या कडांचा आधार मिळतो. लादी किती निसरडी आहे हे ठरवायची एक जर्मन चाचणी मोठी मजेदार आहे: उतरत्या फळीवर तेल टाकून एक माणूस चालवतात, फळी हळूहळू तिरकी करतात, आणि तो कितव्या अंशाला डगमगतो त्यावरून लादीला आर-९ ते आर-१३ अशी श्रेणी देतात (आकडा मोठा, तेवढी लादी कमी निसरडी). खोक्यावर ही श्रेणी लिहिलेली असेल, तर शिरांच्या रंगाआधी ती वाचावी.

बसवणाऱ्या कारागिराची परीक्षाही फटीतच होते. फळीसारख्या लांब लाद्या मधोमध किंचित फुगीर असतात; त्या विटांसारख्या निम्म्यावर सरकवून लावल्या, तर एकीचा फुगवटा नेमका दुसरीच्या टोकाशी येतो आणि पायाला ठेच लागेल एवढी कड वर राहते. म्हणून त्या एक-तृतीयांशावर सरकवतात. चांगला कारागीर काम सुरू करण्यापूर्वी दारात उभा राहतो, कोणती रेषा सर्वांत आधी नजरेत भरेल ते पाहतो, सगळी रांग कोरडीच मांडून घेतो आणि कापलेले तुकडे पलंगाखाली किंवा कपाटामागे जातील असा हिशेब करतो. चिकट मिश्रण तो खाचेदार थापीने एकाच दिशेने ओढतो, म्हणजे दाबल्यावर मधली हवा निघून जाते. लादी बोटाने वाजवून पाहण्याची सवय आपणही ठेवावी. पोकळ आवाज आला, तर ती उद्या फुटणार असे नाही, पण तिच्यावर जड कपाटाचा पाय येऊ देऊ नये.

देखभालीचा बहुतेक त्रास फटीच्या नावावर जमा होतो, आणि इथे तिची बाजू घेणे थोडे अवघड आहे. सांध्यात भरायचे सिमेंटचे मिश्रण, म्हणजे ग्राउट, सच्छिद्र असते. फरशी पुसताना बादलीतले मळकट पाणी सर्वांत सखल जागी, म्हणजे तिथेच जाऊन साचते. मग शुभ्र सांधे आधी दारापासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर काळवंडतात. त्यावर आम्ल ओतण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती घातक आहे, कारण आम्लाने मळाबरोबर सिमेंटही विरघळते, सांधा आणखी खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी दुप्पट मळ धरतो. शेजारी संगमरवर असेल, तर त्याचीही चकाकी गेलीच. साधा सौम्य साबण, मऊ ब्रश आणि नंतर स्वच्छ पाण्याचा हात एवढे पुरते. रंग निवडतानाच लादीपेक्षा एक छटा गडद ग्राउट घेतले, तर अर्धी कटकट सुरुवातीलाच मिटते. एपॉक्सीचे, म्हणजे कृत्रिम राळेचे, ग्राउट महाग आणि भरायला किचकट असले, तरी ओट्यापाशी आणि न्हाणीघरात ते पाणी जवळजवळ शोषत नाही. मात्र ग्राउट भरले म्हणजे खाली पाणी उतरणार नाही, असे समजू नये. ते काम लादीखालच्या जलरोधक थराचे असते. चकचकीत पृष्ठभागाचा खरा शत्रू तर वाळूचा कण आहे. खनिजांचा कठीणपणा एक ते दहात मोजणाऱ्या ‘मोह्स’ मापाने संगमरवराचा कठीणपणा तीन, वाळूतल्या गारेचा सात. म्हणजे दारातले एक जाडसर पायपुसणे महागड्या पॉलिशइतकेच उपयोगी असते.

फटीचा आणखी एक गुण अपघातानंतर कळतो. वरवंटा पडून एखादी लादी फुटली, तर तिच्याभोवतीचे चार सांधे कोरून तेवढीच लादी काढता येते आणि शेजारच्या लाद्यांना धक्काही लागत नाही. एकमेकींना चिकटून बसलेल्या लाद्यांत हे करायला गेले, तर एकीपायी पाच जातात. त्यासाठी सुरुवातीलाच एक जादा खोके घेऊन ठेवावे, कारण तोच नमुना पुढे मिळाला तरी भट्टीच्या दुसऱ्या खेपेत छटा बदललेली असते. आणि खोक्यावरच्या शेड क्रमांकाशेजारी ग्राउटच्या रंगाचा क्रमांकही लिहून ठेवावा. तो बहुतेक घरांत कोणीच लिहून ठेवत नाही.