नौपाड्याच्या दांडीवर तीन मासे

टोकियोहून निघताना बॅगेत तीन कापडी मासे कोंबले होते. ५ मे हा जपानमधला मुलांचा दिवस, सरकारी सुट्टीचा. यंदा तो ठाण्यात उजाडला. लेकीने सकाळीच हट्ट धरला, म्हणून नौपाड्यातल्या आईच्या बाल्कनीत कपड्यांच्या दांडीला ते बांधले: काळा बाबा, लाल आई, निळं पिल्लू. याला कोइनोबोरी म्हणतात. तोंडातून वारा शिरला की मासा पोहायला लागतो. धबधबा चढून गेलेला कार्प मासा ड्रॅगन होतो अशी चिनी दंतकथा आहे. आपलं पोरही तसंच निघावं, ही त्यामागची इच्छा.

पण ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी वारा कुठला! तिघेही माना टाकून लोंबकळत होते. चेंदणी कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी खालूनच विचारलं, "काय ताई, सुकवायला घातलेत काय?"

आमच्या शाळेतला बालदिन म्हणजे १४ नोव्हेंबरला नेहरूंच्या फोटोला हार, लांबलेलं भाषण आणि शेवटी एक पेढा. भाषण मुलांबद्दल, आणि बोलायची बंदी मुलांनाच. घरी त्या दिवशी काहीच नसायचं. जपानमध्ये शाळा बंद, जे काय ते घरात. (नेहरूंचा तिथल्या मुलांशीही संबंध आहे, बरं का. युद्धाच्या काळात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले होते. पुढे मुलांनी हत्तीसाठी पत्रं लिहिली आणि १९४९ साली नेहरूंनी 'इंदिरा' नावाची हत्तीण पाठवली. एवढी भाषणं ऐकली, हे कुणी सांगितलं नाही.)

त्या दिवशी तिकडे टबात शोबूची लांब हिरवी पानं टाकून मुलांना अंघोळ घालतात, रोगराई दूर राहावी म्हणून. मी दरवर्षी सुपरमार्केटमधून जुडी आणते. आईला फोनवरचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला.

"वास उग्र येतो का गं?"

"हो."

"मग हे वेखंड आहे. माझ्या माहेरी विहिरीच्या ओलाव्याला होतं."

मी हसले. मग शोधून पाहिलं. अकोरस कॅलॅमस, तीच वनस्पती! ते पानं घेतात, आपण मुळी. माझ्या टाळूला ज्याची पूड लागली, बाळगुटीत जे उगाळलं गेलं, ते मी परदेशात पैसे मोजून आणत होते, तेही परकं समजून.

संध्याकाळी आईने काष्ठौषधींच्या दुकानातून वेखंडाचं कांडं आणवलं. टब नाही, बादलीच. लेक दोनदा शिंकली आणि म्हणाली, "जपानचा वास येतोय."

अंघोळीनंतर आईला सांगितलं, की पूर्वी हा सण फक्त मुलग्यांचा होता. १९४८ च्या कायद्याने तो सगळ्या मुलांचा झाला, आणि त्याच कायद्यात लिहिलंय, या दिवशी आईचे आभारही मानावेत. मुलींचा बाहुल्यांचा सण ३ मार्चला असतो, त्याला मात्र अजून सुट्टी नाही.

"कायद्यात लिहावं लागतं होय?" आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

येताना मासे तिथेच राहिले. जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा आईचा फोन आला: "मासे आत घेतलेत गं. मावशी म्हणाल्या, आता पावसाळाभर बंदी."