सीतेची माया अल्प

नौपाड्यातला एक वाडा पुनर्विकासाला गेला आणि त्यातली एक पत्र्याची ट्रंक आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे ठाण्यातल्या एका छोट्या संस्थेच्या दप्तर विभागात. तिथे मी सोळा वर्षं कागद सांभाळते आहे. ट्रंकेत तीन रुमाल निघाले. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. नव्या मुलांना हे दर वेळी सांगावं लागतं.) सगळं मोडी लिपीत होतं. कसर लागली होती, पण वाळवी नव्हती, हे नशीबच.

आमच्याकडे मोडी वाचणारं माणूस एकच, अण्णा. वय ७८, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून दोन दिवस येतात आणि एका दिवसात चार-पाच कागद वाचून होतात. तीन रुमालांत मोजून ६४० कागद होते. कार्यवाहांनी हिशेब केला आणि म्हणाले, "मॅडम, आता एआय आहे ना? त्याला द्या."

द्या, तर दिलं. कागद ब्रशने साफ केले, पेन्सिलीने क्रमांक घातले. कुठला कागद कशाच्या खाली होता याची टिपण आधीच करून ठेवली होती, कारण रुमालातली मांडणी एकदा मोडली की परत लागत नाही. स्कॅन झाले. मग आमच्या विभागातल्या मुलाने एका कागदाचा फोटो त्याच्या फोनवरच्या चॅटबॉटला दिला. दहा सेकंदांत उत्तर आलं, आणि तेही झकास मराठीत. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "सभा, सीतेची माया अल्प."

आम्ही दोघंही क्षणभर गप्प. त्या मुलाला वाटलं, रामायणातलं काही असेल. मला वाटलं, एखादा कीर्तनकार असावा. अण्णांनी भिंग लावलं आणि खो खो हसले.

"अगं, सबा सितैन मया अलफ! सात, साठ, शंभर, हजार. उलटं वाच."

म्हणजे मराठी दप्तरांत अरबी अंकनावांनी लिहिलं जाणारं साल, सुहूर सन ११६७. त्यात ५९९ मिळवा (मृग लागल्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढच्या महिन्यांना ६००), म्हणजे १७६६-६७. ठाणं तेव्हा मराठ्यांकडे होतं. १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतलेलं आणि १७७४च्या अखेरीस इंग्रजांकडे गेलेलं. त्या मधल्या सदतीस वर्षांतला कागद हाती येणं हीच मोठी गोष्ट, आणि यंत्राने नेमकं सालच गिळलं होतं.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडायची पद्धत नाही, आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. तेव्हा चूक होणारच, अण्णांचीही होते. मला खटकलं ते वेगळंच. अण्णांना अक्षर लागलं नाही की ते तीन टिंबं देतात, फारच झालं तर प्रश्नचिन्ह. त्यांच्या वहीत अशी टिंबं पानोपानी आहेत. यंत्राच्या उताऱ्यात एकही टिंब नव्हतं. फाटलेल्या कोपऱ्यावरची ओळसुद्धा त्याने भरून दिली होती. "वाचता येत नाही" असं त्याने कुठेच म्हटलं नव्हतं, आणि आमच्या धंद्यात ते म्हणता येणं ही पहिली अट आहे.

मी कार्यवाहांना तसं सांगितलं. त्यांना वाटलं, बाईंना नोकरीची भीती वाटते आहे. थोडी होतीच, खोटं कशाला बोलू? ओळखीतल्या इतर अभिलेखपालांशी फोनवर बोलले. ज्यांच्याकडे सूची न झालेली खोकी छताला लागली आहेत, ते म्हणाले, चुकीचं का होईना, काहीतरी शोधता तरी येईल. ज्यांनी एकेका कागदावर महिना घालवला आहे, ते ऐकूनच चिडले. दोन्ही बाजू मला पटल्या, आणि त्यामुळे पंधरा दिवस काहीच झालं नाही.

मग दुसरा रस्ता धरला. ट्रान्सक्रिबस नावाची प्रणाली आहे, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठातल्या कामातून उभी राहिलेली, खास हस्तलिखितं वाचण्यासाठी. तिला आपल्या हस्ताक्षराचे नमुने देऊन शिकवता येतं. त्यासाठी माणसाने बिनचूक वाचलेले काही हजार शब्द लागतात. इथे पहिली गंमत: मोडीत शब्द तुटतच नाहीत, तर मोजायचे कसे? शेवटी पानं मोजली. अण्णांनी वाचलेली ७० पानं घेतली. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ पासून जागा आहे, पण वाचणार कोण, म्हणून उतारे देवनागरीत ठेवले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं की नाही यावर अण्णांचं आणि माझं दोन दिवस वाजलं. ते जिंकले, काहीही सुधारायचं नाही असं ठरलं.

अपलोड करण्याआधी आणखी एक काम होतं. कागद परदेशातल्या सर्व्हरवर जाणार होते. वाड्यातल्या काकूंच्या घरी गेले आणि सगळं समजावलं. त्यांनी चहा दिला, यादी नीट वाचली आणि म्हणाल्या, "बाकी सगळं घाला हो. ते दत्तकाच्या भांडणाचे नऊ कागद तेवढे नकोत. त्या शाखेतली माणसं अजून आमच्या लग्नकार्यात येतात." दोनशे वर्षांपूर्वीचं भांडण! पण कागद त्यांचे होते. नऊ कागद वेगळ्या पाकिटात घातले.

पहिल्या शिकवणीनंतर शंभर अक्षरांत एकोणीस चुका, दुसऱ्या वेळी अकरा. ऐकायला बरं वाटतं. पण मी लाल पेनाने चुका खुणावत गेले, तेव्हा वेगळं चित्र दिसलं. "विनंती उपरी", "बहुत काय लिहिणे", "जाणिजे" ही ठरलेली वाक्यं यंत्र आता घडाघडा वाचतं. चुका साचतात त्या नावांवर, आकड्यांवर, शेतांच्या सीमांवर. ठाण्यातल्या चेंदणीची चांदणी झाली, कोलशेत हे गावाचं नाव दोन ठिकाणी गायब. पत्राचा सांगाडा बरोबर आणि ज्यासाठी पत्र लिहिलं तोच शब्द चुकीचा. शंभरात अकरा हा आकडा कार्यवाहांना दिला तो या खुणांच्या पानांसकट. तेव्हा कुठे त्यांनी अण्णांचं मानधन बंद करायचा विषय सोडला.

आता पद्धत अशी बसली आहे. यंत्राचा उतारा डावीकडे, कागदाचं चित्र उजवीकडे, अण्णा मधे. त्यांचा वेग दुपटीने वाढला आहे, हे ते स्वतःहून कबूल करत नाहीत. सूचीत प्रत्येक उताऱ्यापुढे एक रकाना वाढवला: कशाने वाचला, कितव्या शिकवणीनंतर, कुठल्या तारखेला, कोणी तपासला. तपासला नसेल तर ठळक अक्षरांत "यंत्रवाचन, न तपासलेले". कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लुसियाना डुरांती यांच्या नेतृत्वाखाली २०२१ साली 'इंटरपेअर्स ट्रस्ट एआय' हा प्रकल्प सुरू झाला. एआय वापरताना अभिलेखांची विश्वासार्हता टिकवायची कशी, यावर त्यात अभिलेखतज्ज्ञ आणि संगणकतज्ज्ञ मिळून काम करतात. आमचा रकाना त्या मानाने गावठी, पण प्रश्न तोच आहे.

ते सीतेचं पान मी टाकून दिलेलं नाही. छापून, वर तारीख घालून, मूळ कागदाच्या फाईलमध्ये लावलं आहे. अण्णांना ते आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, कचरा कशाला जपायचा. माझं म्हणणं, तोही आता आमच्याच दप्तरातला कागद आहे. वाद चालू आहे. दरम्यान पहिला रुमाल संपला आहे, दुसऱ्यातली ८६ पानं झाली आहेत, आणि तिसरा पावसाळ्याची दमट हवा गेल्यावर, दिवाळीनंतर सोडायचा आहे.