ई-टाइप ४.२, कामाची नोंद: आधी नंबर, मग रंग

इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर निघालेत, बॉनेट भिंतीला टेकवलंय. डेंटर-पेंटरला पुढच्या फ्रेमवर ग्राइंडर फिरवायची घाई आहे, पण सगळे नंबर टिपून होईपर्यंत त्याला थांबवलंय. जॅग्वार ई-टाइपमध्ये चेसिस नंबर पुढच्या चौकटीवर ठोकलेला असतो: उजव्या बाजूला, शॉक अॅब्सॉर्बरच्या माउंटिंगच्या वर. ही चौकट नटबोल्टने जोडलेली. ती बदलली की नंबरही गेला, कारण बाजारात मिळणारी नवी चौकट कोरी येते. बॉनेटखालच्या प्लेटवर चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चारही नंबर असतात खरे, पण तशी नवी प्लेट कुणीही बनवून रिव्हेट करू शकतो. भरवसा ठोकलेल्या आकड्यांवरच.

या चौकटीवर सुरुवात १ई२ अशी आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये आलेल्या ४.२ लिटरच्या गाड्यांत उजव्या स्टिअरिंगची रोडस्टर (उघड्या टपाची) १ई१००१ पासून, डाव्या स्टिअरिंगची १ई१०००१ पासून. उजवी कूपे (पक्क्या छपराची) १ई२०००१, डावी १ई३०००१. म्हणजे ही उजव्या स्टिअरिंगची कूपे, आणि बॉडीही तेच सांगते. त्याआधीच्या ३.८ ला अक्षरच नव्हतं: रोडस्टर ८५०००१ आणि कूपे ८६०००१ पासून, दोन्ही उजव्या स्टिअरिंगच्या. पुढचे आकडे इथे देत नाही. पूर्ण नंबर उघड्यावर टाकला तर त्यावर दुसरी गाडी उभी राहू शकते.

नंबरावरचा रंग काढताना वायर ब्रश लावलेलं ड्रिल नको, सँडब्लास्टिंग तर अजिबात नको; कडा बोथट होतात आणि ३ चा ८ वाचला जातो. पेंट रिमूव्हरची जेल जाड थर देऊन लावायची. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, नागपुरात ती पाच मिनिटांत वाळून जाते आणि रंग तसाच राहतो, म्हणून वर पॉलिथिन चिकटवून १५-२० मिनिटं ठेवायची. मग लाकडी पट्टी आणि पितळी ब्रश. फोटो काढताना टॉर्च तिरपा धरायचा, समोरून मारला तर खोली दिसत नाही. त्यानंतर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, आरटीओत देतात तसाच प्रिंट, पण तीन प्रती. लगेच क्लिअर लॅकर, नाहीतर पहिल्या पावसानंतर एका रात्रीत गंज धरतो.

इंजिन नंबर दोन ठिकाणी असतो: ब्लॉकच्या उजव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या वर, आणि हेडच्या पुढच्या टोकाला. दोन्हीकडे ७ई आहे आणि शेवटी -९, म्हणजे कॉम्प्रेशन ९:१. जुळलं! इंजिनवाल्याला मात्र बजावून सांगितलंय की हेड कॉस्टिकच्या टाकीत घालायचं नाही. कास्ट आयर्नचा ब्लॉक चालतो, पण अॅल्युमिनियमचं हेड कॉस्टिक खातं, आणि सोबत आकडेही. आणखी एक, मेन कॅप (क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची झाकणं) आणि कनेक्टिंग रॉडवरचे नंबर वाचताना जॅग्वारचा एक नंबरचा सिलिंडर मागचा असतो, हे विसरू नये. इथले बहुतेक मिस्त्री पुढून मोजतात.

गिअरबॉक्स अडला. केसिंगच्या डाव्या मागच्या कोपऱ्यावर ईजे आणि प्लेटवरचाच नंबर आहे, पण वरच्या झाकणावर वेगळा. दोन्हीकडे एकच हवा. झाकण कधीतरी दुसऱ्या बॉक्सचं बसवलंय. चालायला काही हरकत नाही, कागदावर मात्र तसंच लिहायचं. नवा नंबर ठोकायचा मोह नको.

डिफरन्शियलच्या बोल्टखालचा, गिअरचं गुणोत्तर सांगणारा टॅग गायब आहे. गुणोत्तर मोजायला दोन्ही मागची चाकं उचलून एकत्र १० फेरे द्यायचे आणि प्रॉपेलर शाफ्टचे मोजायचे: ३०.७ आले तर ४३/१४, म्हणजे ३.०७; ३३ च्या थोडे वर आले तर ४३/१३, म्हणजे ३.३१. हे गाडी जॅकवर चढवली की होईल.

एवढा खटाटोप व्हीए, म्हणजे व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेतल्या नोंदणीसाठी. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली खासगी गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. तपासणीला पेन्सिल प्रिंट, चारही नंबरांचे फोटो आणि झाकणाच्या फरकाची टीप एकाच फाइलमध्ये जाईल. पेंटरला चौकट त्यानंतर, नंबरावर मास्किंग टेप लावूनच.