पोर्क चॉप, काकवी आणि बिडाचा तवा: सात हीटची नोंद

फाउंड्रीत काम करणाऱ्याला एक खोड लागते, दिसेल त्याला हीट नंबर द्यायची. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, भट्टीच्या एकेका वितळणीला आम्ही हीट म्हणतो. रजिस्टरला नंबर, तापमान, किती ओतलं, किती रिजेक्ट, सगळं लिहायचं. त्याच सवयीनं गेल्या दिवाळीपासून अनगोळच्या घरामागं, परसातल्या पत्र्याच्या शेडखाली, गोड-तिखट पाकातल्या पोर्क चॉपच्या, म्हणजे डुकराच्या हाडासकट कापांच्या, सात हीट झाल्या. पाच रिजेक्ट, एक ‘चालवून घ्या’ आणि परवाची सातवी पास. ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी रजिस्टर उघडतो.

परसातच का, हे आधी सांगितलेलं बरं. घरात कोंबडी-मटण चालतं, डुक्कर नाही. आईची अट अशी की शेगडी वेगळी, तवा वेगळा, सुरी वेगळी आणि सोमवार-गुरुवारी नावसुद्धा काढायचं नाही. मी सगळं कबूल केलं. बाहेर एक सिंगल बर्नर मांडला आणि चार किलोचा बिडाचा तवा आणला. हा तवाच पुढं मला सगळ्यात जास्त छळणार आहे हे तेव्हा कळायला हवं होतं. बीड वितळवूनच तर पोट भरतो मी.

हीट १. दिवाळीनंतरचा रविवार. कॅम्पातून सहा चॉप आणले, प्रत्येक जेमतेम एक सेंटिमीटर जाड, सत्तूरनं तोडलेले, हाडाचे कपचे मांसात घुसलेले. गूळ, सोया सॉस, लसूण आणि लाल तिखट यांत रात्रभर मुरवले आणि सकाळी कडकडीत तव्यावर टाकले. दोन मिनिटांत गूळ काळा, शेडमध्ये धूर, आणि आतून आईचा आवाज, “काय जाळलास रं?” बाहेरून कोळसा आणि हाडाजवळ गुलाबी. कुत्र्यानं सुद्धा विचार करून खाल्लं.

चूक साधी होती. साखर मांसाच्या आधी जळते. उसाची साखर १६० अंशांच्या आसपास कॅरॅमल व्हायला लागते. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं आणि फ्रुक्टोज त्याच्याही बरंच आधी रंग धरतं. मांसाला छान तांबूस पापुद्रा हवा तर तवा २०० च्या वर हवा. दोन्ही कामं एकाच वेळी एकाच तव्यावर होत नाहीत. आधी मांस, शेवटी पाक. रात्रभर गुळात मुरवायचा सल्ला देणाऱ्या व्हिडिओवाल्यांनी एकदा माझ्या शेडमध्ये येऊन तवा घासून दाखवावा.

हीट २ आणि ३ जाडीच्या नादात गेल्या. पातळ चॉप कितीही सांभाळला तरी वर रंग येईपर्यंत आत कातडं होतो. म्हणून दुकानात जाऊन म्हटलं, “अण्णा, दप्प कट माड्री,” जाड कापा. मी कन्नडमध्ये मागितलं म्हणून की काय, त्यानं मराठीत ऐकवलं, “जाड केलं तर शिजत न्हाई ओ, मग मला शिव्या देतासा.” आणि पुन्हा सत्तूर उचलला. सत्तूर हाड तोडतो तेव्हा मांस चेपतं, एक बाजू तीन सेंटिमीटर तर दुसरी दीड. तव्यावर अर्धा चॉप टेकतो, अर्धा हवेत.

मग युक्ती सुचली. आता तोडून घेतच नाही. कमरेच्या वरचा, बरगड्यांसकटचा अखंड तुकडा घेतो, दोन-अडीच किलोचा, कातडी काढून. दुकानदाराला फक्त एवढं सांगतो की फार्मचा पांढरा यॉर्कशायर असेल तरच दे. गावठी काळ्यांना त्या जागी मांस थोडं असतं. घरी दोन बरगड्यांच्या मधून सुरी घालायची, ती लोण्यासारखी कण्यापर्यंत जाते. कण्याचं हाड मात्र सुरीला दाद देत नाही. तिथं मी हॅकसॉ लावतो. हसू नका. नवं कोरं पातं, तेल धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, आणि ते पातं फक्त याच कामाला. आठ-दहा हात मारले की हाड सरळ कापलं जातं, भुसा ओल्या कपड्यानं पुसून घ्यायचा. प्रत्येक बरगडीला एक चॉप, जाडी आपोआप अडीच-तीन सेंटिमीटर, दोन्ही बाजू सपाट. मुलगी म्हणाली, “पप्पा, हे तर वर्कशॉपच झालं.”

आणखी एक बारीक गोष्ट. कडेच्या चरबीच्या पट्टीला सुरीनं दोन-दोन सेंटिमीटरवर चिरा द्यायच्या. नाही दिल्या तर पट्टी आखडते आणि चॉप वाटीसारखा वर उचलतो. तिसरी हीट मी याच कारणानं घालवली.

याच सुमारास टोचायचा डिजिटल थर्मामीटर घेतला. चौदाशे अंशांचा रस ओतणारा माणूस साठ-सत्तर अंशांसाठी इतका हळवा होतो, याची शिफ्टमध्ये भरपूर चेष्टा झाली. पण पोर्कमध्ये सगळा खेळ त्या दहा अंशांचाच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी ७१ अंशांची जुनी शिफारस उतरवून ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा अशी केली. ६३ ला चॉप आत किंचित गुलाबी आणि रसाळ असतो. मी तरी ६३ वर थांबत नाही. आपल्याकडं टेपवर्मचा प्रश्न खरा आहे, कच्च्या डुकराच्या मटणातून तो पोटात जातो. (डोक्यात जाणारा जो प्रकार सगळे ऐकून असतात तो त्या जंताच्या अंड्यांमुळे होतो, म्हणजे घाण हात, घाण पाणी, न धुतलेली भाजी. मटण उकळून काढलं म्हणून त्यातून सुटका नाही.) मी ६६ ला तव्यावरून उतरवतो, झाकून पाच मिनिटं ठेवतो. आतली उष्णता चढत चढत ७० पर्यंत जाते. गुलाबी राहत नाही, पण रस राहतो. घरच्यांना तेवढंच पटतं आणि मलाही रात्री झोप लागते.

हीट ४, संक्रांतीच्या आठवड्यातली. आता शहाणा झालो होतो. पाक वेगळा केला आणि शेवटी ओतला. गूळ वितळवला, त्यात चिंच, लसूण, संकेश्वरी मिरची. गुळातली रेती दाताखाली येते म्हणून वितळवून गाळून घेतला, ते बरोबर केलं. चुकलं पुढं. दाट व्हावा म्हणून आटवत बसलो आणि पाक गोळीबंद झाला. चॉपवर तो चकाकला, फोटो फार सुंदर आले, आणि पाच मिनिटांत त्याची चिक्की झाली. सुरी लागली की तडकायची. सणाला धरून झालं म्हणायचं.

त्या ताटातला एक चॉप आमच्या पॅटर्न शॉपमधल्या, म्हणजे साच्यांचे नमुने करणाऱ्या विभागातल्या, सहकाऱ्याच्या आईला दिला. मूळच्या म्हापशाच्या, पोर्कमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. आंटींनी एक तुकडा बराच वेळ चावला. “आंबट जाय रे, पुता,” म्हणजे आंबट हवं, एवढंच म्हणाल्या, आणि आत जाऊन माडीच्या व्हिनेगरची अर्धी बाटली आणून दिली. नंतर लक्षात आलं, चिंचेनं आंबटपणा येतो पण तोंड जड होतं. चरबीला कापणारा आंबटपणा पातळ आणि टोकदार हवा. आमच्याकडं तो आणखी एका ठिकाणी मिळतो, कोकमाच्या आगळात. खानापूरच्या बाजूनं एकजण दर उन्हाळ्यात देतो, त्यातली बाटली शिल्लक होती.

आणि मग काकवी. फेब्रुवारीत निपाणीच्या पुढं हायवे सोडून आत एका गुऱ्हाळावर गेलो होतो, मित्राचा ऊस होता. काहिलीत रस उकळत होता. भेंडीचा चिकट रस घातला की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढत होते. आम्ही लॅडलमधल्या वितळलेल्या रसावरचा स्लॅग, म्हणजे मळ, काढतो तेच काम, वास तेवढा बरा. गुळव्या सांगत होता, काकवी आधी काढायची, गूळ नंतर. काकवी १०५ च्या आसपास उतरते, घट्ट गुळासाठी ११८ पर्यंत जावं लागतं. मी उभ्या उभ्या कपाळावर हात मारला. चार महिने मी गूळ विकत आणून, फोडून, वितळवून, गाळून पुन्हा काकवीच करत होतो. चॉपवर चढवायचा चकचकीत पाक तर या माणसाच्या काहिलीतच तयार होता. दोन लिटर घेऊन आलो. काकवी गुळासारखी पटकन दाणे धरत नाही, गाळावी लागत नाही, आणि चॉपवर थंड झाली तरी मऊ राहते.

हीट ५ म्हणूनच पास व्हायला हवी होती. झाली नाही, आणि दोष सर्वस्वी माझा. चॉप छान भाजले, आत ५८ अंश, गॅस बारीक केला, काकवी-आगळाचा पाक ओतला आणि तो चरचरत कडेनं काळा पडला. गॅस बारीक होता, तवा नव्हता. चार किलो बीड एकदा तापलं की ज्योत कमी केल्याचं त्याला काही सोयरसुतक नसतं. ओतीव माल साच्यात किती वेळ धग धरतो हे मी रोज बघतो. तरीही परसात आल्यावर ज्योतीकडं बघून स्वयंपाक करत होतो.

म्हणून कामावरून, विचारून, इन्फ्रारेड गन आणली, लांबूनच तापमान मोजणारी. मोजलं तर गॅस बंद केल्यावर २१० चे १५० व्हायला माझ्या तव्याला जवळजवळ चार मिनिटं लागतात, मध्ये चॉप असूनही. तुमचा तवा पातळ असेल तर कमी लागतील. आकडा महत्त्वाचा नाही, स्वतःच्या तव्याचा आकडा माहीत असणं महत्त्वाचं.

हीट ६ ‘चालवून घ्या’. रंग, चकाकी, रस सगळं जमलं, पण खारट. मिठाच्या पाण्यात चार तास भिजवले होते, एका लिटरला ५० ग्रॅम. आगळात मीठ असतंच, सोया सॉसमध्ये त्याहून जास्त. तिन्ही एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? भाताबरोबर संपले.

हीट ७, परवाचा रविवार, पत्र्यावर पावसाचा ताशा. चार चॉप, मिळून एक किलो शंभर ग्रॅम. सोया सॉस रद्द. पाण्यात भिजवणंही रद्द, नुसतं ११ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. उघडं ठेवलं तर वरची बाजू सुकते आणि रंग चांगला येतो म्हणतात. पण दह्याच्या पातेल्याशेजारी उघडं डुक्कर ठेवलं तर मलाच परसात झोपावं लागेल, म्हणून डब्यात डबा, आणि सकाळी कागदानं खसखसून कोरडे केले.

पाक: काकवी ८० ग्रॅम, आगळ दीड चमचा, माडीचं व्हिनेगर एक चमचा, ठेचलेल्या लसणाच्या पाच पाकळ्या, बोटभर आलं, रंगाला भिजवून वाटलेल्या दोन ब्याडगी आणि झणक्याला एक संकेश्वरी, मिरपूड. छोट्या पातेल्यात तीन-चार मिनिटं उकळलं. चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली आणि ती मिटली नाही की बंद. एकतारीपर्यंत जायचं नाही, उरलेलं तव्यावर आटतं.

तवा २१० ला. आधी चारही चॉप चिमट्यात एकत्र धरून चरबीच्या कडेवर उभे केले, दोन-तीन मिनिटं. तेवढ्या चरबीत पुढचं भागतं, तेल लागत नाही. मग आडवे, दर मिनिटाला उलटत. आत ५० अंश दिसताच गॅस बंद. आधी मी ५८ ची वाट बघत होतो, तीच चूक. तवा उतरू दिला, तोवर चॉप आतून चढत होते. गनवर १५२ आलं, चॉप ६१ वर, तेव्हा पाक. आवाज चर्र नव्हता, फसफस होता. बुडबुडे मोठे, संथ, मधासारखे. चमच्यानं वर ओतत, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला उलटत राहिलो. बुडबुडे लहान आणि घट्ट झाले, पाक तव्यावरून सुटून चॉपला धरायला लागला. ६६ ला उतरवले.

कापल्यावर सुरीला पाक चिकटला पण तडकला नाही. आधी गोड, मग आगळाचा झटका, आणि संकेश्वरी मागून येऊन घशात बसते. आंटींना डबा गेला, अजून निकाल आलेला नाही. ज्वारीच्या भाकरीनं तव्यावरचा पाक पुसून खाल्ला तो सगळ्यांत चांगला घास होता. बायकोनं पातेल्यात उरलेला, मटणाला न लागलेला पाक आईला वाटीत दिला. आईनं बोट लावून चाखला आणि विचारलं, “ह्यात काकवी किती घातलास? वांग्याला घालून बघू या की.”

काकवी आता पाऊण लिटर उरली आहे आणि गुऱ्हाळं दिवाळीआधी पेटत नाहीत. मध्ये श्रावण, मग गणपती. आठवी हीट त्यानंतर, कोळशाच्या शेगडीवर. तिथं बंद करायला गॅसची चावी नाही, म्हणून जाळी दोन खणांची करतोय, वरचा खण पाकासाठी. कोळशावर पाक लावताना जाळीपाशी किती तापमान होतं हे कुणी मोजलं असेल तर आकडा कळवा, जाळीची उंची त्यावर ठरवेन.